बिअरच्या पिंपातून निघालेला फ्रीज

चैत्र-वैशाखात नंदुरबारचा पारा चाळिशी ओलांडतो. याच सुमारास सातपुड्यात मोहाची फुलं टपटपतात. ती वेचायची, वाळवायची, भिजत घालून आंबवायची आणि भट्टीवर चढवून अर्क उतरवायचा, ही घरगुती दारूची जुनी रीत. ऊन तिच्या आड येत नाही. बिअरची प्रकृती मात्र नाजूक. ती आंबवतात, पण तिचा अर्क काढत नाहीत. त्यामुळे उष्णता वाढली की पिंपच्या पिंप बिघडतं. आपल्या घरातल्या फ्रीजचं मूळ या अडचणीत आहे, आणि ती सोडवणाऱ्या माणसाचं नाव कार्ल फॉन लिंडे.

लिंडे यांचा जन्म ११ जून १८४२ रोजी जर्मनीतल्या बर्नडॉर्फ गावी झाला. वडील धर्मोपदेशक, मुलानंही तीच वाट धरावी अशी घरची अपेक्षा. मुलगा रमला यंत्रांत. झुरिकच्या तंत्रशाळेत क्लाउझियससारखे गुरू लाभले. पण १८६४ साली विद्यार्थ्यांच्या एका निषेधात भाग घेतल्यामुळे पदवीआधीच त्यांना बाहेर पडावं लागलं. मग कारखान्यांत उमेदवारी केली, आणि १८६८ मध्ये म्युनिकच्या नव्या तंत्रशाळेत हाच पदवी नसलेला तरुण शिकवू लागला. पुढे डिझेल इंजिन बनवणारा रुडॉल्फ डिझेल त्यांचाच विद्यार्थी.

त्या काळी बव्हेरियातले बिअरवाले हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ तोडून तळघरांत साठवत. थंडी कमी पडली की बर्फ नाही, आणि बर्फ नाही म्हणजे उन्हाळ्यात धंदा नाही. थंडी यंत्रानं कशी निर्माण करावी, यावर लिंडे यांनी १८७०-७१ मध्ये लेख लिहिले. ते वाचून बिअरवालेच त्यांच्या दारी आले. म्युनिकच्या श्पाटेन भट्टीचे मालक गाब्रिएल झेडलमायर यांनी प्रयोगाला जागा दिली. पहिल्या यंत्राला गळतीनं सतावलं. दुसरं, अमोनियावरचं, १८७६ मध्ये यशस्वी झालं. १८७७ मध्ये ट्रिएस्टच्या ड्रेहर भट्टीत बसवलेलं यंत्र तर १९०८ पर्यंत चाललं.

तत्त्व आपल्या माठाचंच. माठातून झिरपलेलं पाणी वाफ होताना आतली उष्णता घेऊन जातं. लिंडे यांनी पाण्याऐवजी अमोनिया घेतला आणि वाफ वाया न घालवता तिच्यावर दाब देऊन, उष्णता बाहेर टाकून तिचा पुन्हा द्रव केला. थंडी बनवणारी यंत्रं त्यांच्याआधीही होती. लिंडे यांनी नीट हिशेब मांडून भरवशाचं यंत्र दिलं. १८७९ मध्ये प्राध्यापकी सोडून त्यांनी कंपनी काढली. १८९५ मध्ये हवेचाच द्रव करून दाखवला. त्यातून प्राणवायू वेगळा काढण्याची वाट मोकळी झाली. १६ नोव्हेंबर १९३४ रोजी, ९२ व्या वर्षी, ते म्युनिकमध्ये वारले.

आज परदेशातली हौशी मंडळी घरी आंबवलेली बिअर थंड करायला वरून झाकणाचा आडवा डीप फ्रीज वापरतात. मुळात तो उणे १८ अंशांचा. बिअर गोठून बाटल्या फुटू नयेत म्हणून त्याला वेगळा थर्मोस्टॅट जोडतात. आपल्याकडे परवान्याशिवाय दारू गाळणं वा आंबवणं कायद्यानं गुन्हा आहे, त्यामुळे तो उद्योग इथं नको. पण झाकण वर का, हे समजून घ्यावं. थंड हवा जड असते. उभ्या फ्रीजचं दार उघडताच ती पायाशी सांडते, आडव्या पेटीत मात्र ती विहिरीतल्या पाण्यासारखी तळाशी राहते.

म्हणूनच प्राथमिक आरोग्य केंद्रांत लशीसाठी अशाच पेट्या असतात. वीज काही तास गेली तरी त्या गारवा धरून ठेवतात. डीप फ्रीजमध्ये गोठवलेले आइस पॅक डब्यात भरून त्यांत लस ठेवायची आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर उन्हातून न्यायची, हे आरोग्यसेविकांचं नेहमीचं काम. म्युनिकच्या बिअरवाल्यांसाठी शोधलेली थंडी अशी सातपुड्याच्या बाळांपर्यंत पोचली आहे.