भारतीय सर्कशीचे जनक विष्णुपंत छत्रे

कृष्णेच्या काठी, औदुंबर या प्रसिद्ध दत्तक्षेत्राजवळ, अंकलखोप नावाचे गाव आहे. आज हे गाव सांगली जिल्ह्यात मोडते. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सांगली जिल्हा असा वेगळा नव्हता. कृष्णाकाठचा बराचसा मुलूख तेव्हा सातारा जिल्ह्यात होता आणि त्याच्या आजूबाजूस सांगली, मिरज, कुरुंदवाड अशी लहानमोठी संस्थाने पसरलेली होती. १९४९ साली दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. या अंकलखोप गावी १८४० ते १८५० या दशकात विष्णुपंत मोरेश्वर छत्रे यांचा जन्म झाला. भारतात देशी सर्कशीचा पाया घालणारे पुरुष म्हणून त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते.

त्या काळी सुशिक्षित घरातील मुलाने चार बुके शिकावी, एखाद्या संस्थानात कारकुनी पत्करावी आणि पोटापुरते मिळवून स्वस्थ राहावे, अशीच रीत होती. विष्णुपंतांच्या मनाची धाव मात्र निराळीच होती. त्यांना दोन गोष्टींचे विलक्षण वेड होते. एक घोड्याचे आणि दुसरे गाण्याचे. वरवर पाहता या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीच संबंध नाही. एकीला तबेल्याची जागा लागते, तर दुसरीला तंबोऱ्याची. पण दोहोंनाही एका गुणाची सारखीच गरज असते. तो गुण म्हणजे धीर. घोडा एका दिवसात वश होत नाही आणि सूर एका दिवसात गळ्यावर चढत नाही. हा धीर विष्णुपंतांच्या अंगी होता, म्हणूनच त्यांना दोन्ही विद्या साधल्या.

गाण्याच्या ओढीने ते दूर ग्वाल्हेरला गेले. त्या वेळी ग्वाल्हेर हे ख्यालगायनाचे माहेरघर समजले जाई आणि तेथे हद्दू खाँ हे थोर गवई नांदत होते. विष्णुपंतांनी त्यांच्या पायाशी बसून गायनाचे धडे घेतले. गाण्याबरोबरच अश्वविद्येचा अभ्यासही त्यांनी नेटाने चालविला. पुढे कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांच्या पदरी ते राहिले. तेथे संस्थानच्या घोड्यांना शिकवून तयार करण्याचे काम त्यांच्याकडे होते. ज्यास चाबुकस्वार म्हणतात, त्या पेशात विष्णुपंतांनी मोठा लौकिक मिळविला.

चाबुकस्वार या शब्दात चाबूक आहे खरा. परंतु चांगला चाबुकस्वार चाबकाच्या मारावर घोडा शिकवीत नाही. चाबकाचा आवाज ही घोड्याला केवळ खूण असते. प्रथम लांब दोरीने घोड्यास गोलाकार फिरवावे लागते. चाल, दुडकी आणि दौड या प्रत्येक गतीत त्याची पावले एकसारखी पडू लागली म्हणजे मग पुढचा धडा. घोडा बुजरा प्राणी आहे. शिकविणारा रागावला, गोंधळला किंवा भ्यायला, तर ते त्याला तत्काळ कळते. म्हणून घोड्यास ताब्यात ठेवू पाहणाऱ्याने आधी आपले मन ताब्यात ठेवले पाहिजे. या विद्येचा हा पहिला नियम होय.

१८७९ च्या सुमारास जोसेफ कियारिनी नावाचा इटालियन गृहस्थ आपली मोठी सर्कस घेऊन मुंबईस आला. उंच तंबू, रंगीबेरंगी पोशाख, तालावर नाचणारे घोडे आणि अधांतरी झुल्यांवर कसरत करणारे खेळाडू पाहून मुंबईकर थक्क झाले. कुरुंदवाडच्या अधिपतींबरोबर विष्णुपंतही तो खेळ पाहावयास गेले होते. त्या प्रसंगाची हकीकत परंपरेने सांगितली जाते, ती अशी. हिंदुस्थानात स्वतःची म्हणावी अशी सर्कस नाही आणि ती उभी राहण्यास अजून पुष्कळ वर्षे लागतील, असे कियारिनीने बोलून दाखविले. आपल्या घोड्यांची कामे थोड्या महिन्यांत करून दाखविणारा कोणी असेल तर त्याने पुढे यावे, असे आव्हानही त्याने दिले. इतरांनी ते ऐकून सोडून दिले. विष्णुपंतांच्या मात्र ते जिव्हारी लागले. आपल्या देशात घोडे आहेत, घोडे शिकविणारे आहेत, मल्लखांबावर सापासारखे वळणारे जवान गावोगावच्या तालमींत आहेत. मग उणीव आहे ती कशाची, असा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. त्यांनी ते आव्हान स्वीकारले.

हे आव्हान किती अवघड होते, ते समजण्यासाठी सर्कस म्हणजे काय ते थोडे पाहिले पाहिजे. आधुनिक सर्कशीचा उगम इंग्लंडात झाला. १७६८ साली फिलिप ॲस्ट्ले नावाच्या घोडेस्वाराने लंडन शहरी घोड्यावरील कसरतींचे खेळ सुरू केले. सरळ रेषेत धावणाऱ्या घोड्याच्या पाठीवर उभे राहणे कठीण असते. तोच घोडा वर्तुळात सारख्या वेगाने दौडू लागला आणि स्वार किंचित आत झुकून उभा राहिला, तर तोल सांभाळणे सोपे जाते. मात्र वर्तुळ फार लहान असले तर घोड्यास दौडता येत नाही आणि फार मोठे असले तर स्वारास हा आधार पुरेसा मिळत नाही. अनुभवाने या वर्तुळाचा व्यास बेचाळीस फूट ठरला. जगभरच्या सर्कशींनी पुढे हेच माप उचलले. १८५९ साली झ्यूल लेओतार नावाच्या फ्रेंच तरुणाने पॅरिसमध्ये एका झुल्यावरून दुसऱ्या झुल्यावर उडी घेण्याचा खेळ प्रथम करून दाखविला आणि सर्कशीत आकाशातील कसरतींची भर पडली.

अशा रीतीने युरोपात शंभर वर्षे मुरत आलेली ही विद्या विष्णुपंतांना थोड्या अवधीत आत्मसात करावयाची होती. एकट्या घोडेस्वाराने सर्कस होत नाही. कसरतपटू लागतात, जनावरे लागतात, वादक लागतात, विदूषक लागतात. तंबू ठोकणारे, घोड्यांना खरारा करणारे आणि रात्री पहारा देणारेही तितकेच जरुरीचे असतात. या सर्वांना एका शिस्तीत बांधणारा माणूस त्याहून जरुरीचा असतो. विष्णुपंतांनी माणसे जमविली, घोडे तयार केले आणि अहोरात्र सराव चालविला. कुरुंदवाडच्या अधिपतींचा आश्रय त्यांच्या पाठीशी होताच. पुढे कियारिनी परत जावयास निघाला, तेव्हा त्याच्या सर्कशीचे सामानही विष्णुपंतांनी विकत घेतले, असे सांगतात. ज्याने आपणांस हिणविले त्याच्याशी वैर धरीत न बसता त्याच्यापासून घेण्यासारखे ते घ्यावे, हा शहाणपणा त्यांनी दाखविला.

अखेर त्यांची ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी राहिली. २० मार्च १८८० हा भारतीय सर्कशीचा जन्मदिवस मानला जातो. पुष्कळ वर्षे लागतील असे जे भाकीत कियारिनीने केले होते, ते अशा रीतीने अल्पकाळातच खोटे ठरले. विष्णुपंत स्वतः घोड्यांची कामे करून दाखवीत. त्यांच्या पत्नीही मागे राहिल्या नाहीत. त्या झुल्यावरील कसरती करीत आणि जनावरांना शिकवीत, असा उल्लेख आढळतो. त्या काळी घरंदाज स्त्रीने उंबरठ्याबाहेर पाऊल टाकणेसुद्धा कित्येकांना रुचत नसे. अशा काळात शेकडो लोकांसमोर उंच झुल्यावर चढण्यास केवढे धैर्य लागले असेल, याची कल्पना करावी.

झुल्यावरचे काम म्हणजे क्षणाचा हिशेब असतो. एक खेळाडू झुल्यावरून हात सोडतो. त्याच क्षणी दुसरा झुला त्याच्यापर्यंत पोहोचला पाहिजे. निमिषाचा उशीर झाला तरी हात रिकामेच राहतात. म्हणून या खेळात उडी घेण्याआधी पडावयास शिकवितात. खाली ताणलेल्या जाळीत पायांवर पडले तर पाय मोडण्याची भीती असते. पाठीवर अंग सैल टाकून पडले तर जाळी तो भार झेलते. जो नीट पडावयास शिकला, तोच निर्भयपणे उडू शकतो. आज विमानातून हवाई छत्रीच्या आधाराने उडी घेणाऱ्यांनाही प्रथम जमिनीवर नीट पडण्याचाच पाठ देतात. प्रेक्षकांना दिसते ती नुसती उडी. तिच्यामागे शेकडो वेळा पडून केलेला सराव असतो. आंधळेपणाने जीव धोक्यात घालणे आणि धोक्याचा पुरता विचार करून त्यावर मात करणे, या दोहोंत फार अंतर आहे. सर्कशीचे साहस या दुसऱ्या प्रकारचे होय.

ग्रेट इंडियन सर्कशीचे नाव लवकरच देशभर झाले. विष्णुपंतांनी उत्तर हिंदुस्थानात आणि दक्षिणेत दौरे काढले. समुद्र ओलांडून सिंहलद्वीपासही ते गेले. घोडे, माणसे आणि तंबूचे अवजड सामान घेऊन आगगाडीने, बैलगाड्यांनी आणि बोटींनी हा प्रवास चाले. प्रत्येक गावी माळ साफ करावा, तंबू उभारावा, खेळ करावे आणि पुन्हा सारे गुंडाळून पुढची वाट धरावी, असे ते फिरते जीवन होते. पुढे अमेरिकेपर्यंत मजल मारण्याचीही त्यांनी खटपट केली. परंतु तेथील अवाढव्य सर्कशींपुढे आपल्या लहान मेळ्याचा निभाव लागणार नाही, हे ओळखून ते परतले, असे सांगतात. आपले बळ किती आहे हे वेळीच ओळखणे, हेही शौर्याचेच अंग आहे.

१८८८ च्या सुमारास ही सर्कस केरळातील तलश्शेरी येथे गेली. त्या प्रांतात कळरीपयट्टू नावाची युद्धकला फार जुन्या काळापासून चालत आली आहे. कीलेरी कुंञिकण्णन हे तेथील व्यायामशिक्षक होते. त्यांच्या भागातील मुलांची लवचीक आणि कसलेली शरीरे विष्णुपंतांच्या नजरेतून सुटली नाहीत. या मुलांना सर्कशीच्या कसरती शिकवाव्यात, असा विचार दोघांनी केला. पुढे १९०१ साली कुंञिकण्णन यांनी तलश्शेरीजवळ सर्कशीची शाळाच काढली. त्या शाळेतून कितीतरी कसरतपटू तयार झाले आणि देशोदेशीच्या सर्कशींत जाऊन चमकले. आपली विद्या आपल्याच गावात किंवा आपल्याच घरात कोंडून ठेवावी, असे विष्णुपंतांना वाटले नाही. कृष्णाकाठी लावलेल्या रोपाची फांदी अशी दूर अरबी समुद्राच्या किनारी रुजली.

सर्कशीच्या धामधुमीतही विष्णुपंतांचे गाण्याचे प्रेम आटले नव्हते. गुरू हद्दू खाँ यांचे पुत्र रहिमत खाँ हे अलौकिक गळ्याचे गायक होते. पण वडील गेल्यानंतर ते भ्रमिष्टासारखे भटकू लागले, अफूच्या आहारी गेले आणि काशीस हलाखीत दिवस कंठू लागले. तेथे ते विष्णुपंतांच्या दृष्टीस पडले. अशा माणसाकडे पाहून हळहळणारे पुष्कळ असतात. पण त्याला घरी नेणारा विरळा. विष्णुपंतांनी गुरुपुत्राला आपल्याजवळ आणले, त्याच्या खाण्यापिण्याची व औषधपाण्याची व्यवस्था केली आणि त्याचे लहरी वागणे प्रेमाने सोसले. सर्कशीबरोबर रहिमत खाँही गावोगाव फिरू लागले आणि त्यांच्या गाण्याचे जलसे होऊ लागले. नेपाळच्या दरबारातही त्यांचे गायन गाजले. लोक त्यांना भूगंधर्व म्हणू लागले. विष्णुपंतांच्या मागे छत्रे कुटुंबातील काशीनाथपंतांनी सर्कस चालविली, तसाच रहिमत खाँ यांचाही सांभाळ केला. १९२२ साली कुरुंदवाड येथे हा गायक निवर्तला. त्यापूर्वी काही वर्षे त्यांच्या गाण्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या, म्हणून तो स्वर आजही ऐकावयास मिळतो. विष्णुपंतांनी काशीत हात दिला नसता, तर तो कायमचा हरवला असता.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विष्णुपंतांचा अंत झाला. परंतु त्यांनी घालून दिलेला धडा वाया गेला नाही. म्हैसाळचे देवल, तसेच कार्लेकर यांनी आपापल्या सर्कशी काढल्या आणि सांगलीच्या आसपासचा मुलूख सर्कशींची भूमी म्हणून ओळखला जाऊ लागला. काळाबरोबर सर्कशीचे रूपही पालटले. १९९८ साली सरकारने वाघ, सिंह, अस्वले आणि माकडे यांच्या खेळांस मनाई केली आणि मुक्या प्राण्यांची त्यातून सुटका झाली. माणसाने आपल्या शरीराच्या जोरावर केलेल्या कसरती मात्र अजूनही पाहणाऱ्याचा श्वास रोखून धरतात.

विष्णुपंत छत्रे यांनी राज्य जिंकले नाही की मोठा ग्रंथ लिहिला नाही. आपल्या देशास एक गोष्ट येत नाही असे ऐकताच, नुसता संताप न करता, ती करून दाखविण्यासाठी ते मैदानात उतरले. त्यांनी जे मिळविले ते कष्टाने मिळविले आणि इतरांना मोकळ्या हाताने दिले. घोड्याच्या पाठीवर तोल सांभाळणारा हा पुरुष जीवनातही तोल सांभाळून राहिला. म्हणूनच उंच तंबूतील झुल्यावरून एखादा खेळाडू निर्भयपणे हात सोडतो, तेव्हा अंकलखोपच्या या साहसी पुत्राची आठवण ठेवणे उचित होय.