अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई

अंगणवाडी हा शब्द आज खेडोपाडी लहान मुलाच्याही तोंडी आहे. परंतु ज्यांच्या कार्यातून तो रूढ झाला, त्या ताराबाई मोडक यांचा परिचय आम्हा विद्यार्थ्यांना फारसा नसतो. त्यांच्याविषयी ग्रंथालयात मिळाले ते मी वाचत गेले. त्यातून मनात ठसलेले त्यांचे चरित्र येथे थोडक्यात मांडीत आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते. त्यांनी विधवेशी विवाह केला होता. सुधारणेचे बाळकडू मुलीला घरातच मिळाले. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. अमरावतीच्या मोडक वकिलांशी त्यांचा विवाह झाला, पण तो संसार टिकला नाही. पुढे राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले आणि मग मानाची ती नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. पालकांना बालशिक्षण कळावे म्हणून ‘शिक्षणपत्रिका’ चालविण्यात आली. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले.

या सर्वांच्या मागे मादाम माँटेसरींची प्रेरणा होती. त्यांचे पहिले बालगृह १९०७ साली रोममधील कामकऱ्यांच्या चाळीत निघाले. तेथे आयांना नियम घालून दिलेले होते : मुलाला स्वच्छ करून पाठवावे आणि आठवड्यातून एकदा तरी बाईंना येऊन भेटावे. पालक आणि शिक्षिका यांचा संबंध हा त्या शाळेचा पायाच होता.

१९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या, तेव्हा मात्र हे नियम उपयोगी पडेनात. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. वस्तीतील मुले बालवाडीत येत ना. आईबाप पहाटेच मजुरीला जात. ज्या घरी पुरेसे कपडे नाहीत, त्या घरच्या आईला स्वच्छतेचा नियम काय सांगावा? तेव्हा शिक्षिकाच वस्तीत गेल्या. तेथेच मुलांना न्हाऊ-माखू घालू लागल्या, गोळा केलेले शंख-शिंपले, खडे, पाने-फुले हीच खेळणी झाली. अंगणात भरली ती अंगणवाडी! आया कामे करता करता पाहू लागल्या, बोलू लागल्या.

१९५७ मध्ये संस्था कोसबादच्या टेकडीवर गेली. वारली मुले गुरे राखीत. त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. थोरल्या मुली धाकट्यांना सांभाळण्यासाठी घरी राहात, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभी केली. पालक मुलाला का पाठवीत नाहीत, याचे उत्तर त्यांनी पालकांच्या अज्ञानात शोधले नाही. त्यांच्या दिवसाच्या कामात शोधले. मला त्यांचे मोठेपण येथे दिसते.

हे मला विशेष जाणवते, कारण मी सोलापूरची आहे. माझी आई विड्या वळते. तिने सूप मांडीवर घेतले की धाकट्या भावाला कडेवर घेण्याचे काम माझे. गिरण्यांचे भोंगे थांबले, पण विडी आणि यंत्रमाग यांवर जगणारी घरे आमच्या शहरात पुष्कळ आहेत. कित्येक घरांतून तेलुगू किंवा कानडी बोलली जाते. पालकसभेची मराठी चिठ्ठी अशा आईला वाचता येत नाही, आणि सभेची वेळ नेमकी कारखान्यात विड्या देण्याची असते. ती आली नाही की तिला मुलाची काळजी नाही, असे सहज म्हटले जाते. तसे म्हणण्यापूर्वी तिच्या अंगणात कोणी तरी जायला नको का?

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. १९७५ मध्ये सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. नाव गेले, त्याबरोबर तो रिवाजही जावयास हवा. आमच्यापैकी ज्या मैत्रिणी उद्या शिक्षिका वा अंगणवाडी सेविका होतील, त्यांनी पहिल्या आठवड्यात हजेरीपट घेऊन एकेका मुलाच्या घरी जावे, त्याच्या आईची भाषा चार शब्द तरी शिकावी आणि सभेची वेळ तिला विचारून ठरवावी. ताराबाईंचे याहून चांगले स्मारक मला सुचत नाही.