निंदकांचे ऋण

चालुक्यांच्या ज्या राजधानीत विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली, त्या कल्याण नगरीच्या नावात आज महात्मा बसवेश्वरांचे नाव आहे. ते येथे आले, ते मात्र राजसेवेतील एक हिशेबनीस म्हणून.

बाराव्या शतकात बागेवाडी येथे मादरस व मादलांबिका या ब्राह्मण दांपत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला. मौंजीबंधन नाकारून त्यांनी घर सोडले आणि कृष्णा-मलप्रभेच्या काठी कूडलसंगम येथे अध्ययन केले. पुढे ते मंगळवेढ्यास बिज्जलाच्या पदरी हिशेबाच्या कामावर लागले. बिज्जलाने चालुक्यांचे सिंहासन बळकावल्यावर कल्याणच्या राजभांडाराची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तिजोरीची किल्ली ज्याच्या हाती, त्याच्यावर चार डोळे अधिकच रोखलेले असतात. त्यातून अनुभवमंटपात परीट माचय्या, नावाडी चौडय्या, चांभार हरळय्या यांना बरोबरीचे आसन मिळू लागले, हे दरबारातील कर्मठांना रुचणे शक्यच नव्हते. राजाचे द्रव्य जंगमांच्या पंक्तींवर उधळले जाते, असे बिज्जलाच्या कानी घातले गेले. राजाने भांडाराची झडती घेतली. हरिहर आणि पाल्कुरिकी सोमनाथ या चरित्रकारांनी हा प्रसंग चमत्कारांनी नटविला आहे; चमत्कार दूर सारले तरी पैनपैचा हिशेब जुळला, एवढे उरतेच.

अशा आळांनी माणूस एक तर कडवट होतो, नाही तर स्वतःच्या निर्दोषपणाचा डांगोरा पिटतो. बसवेश्वरांच्या वचनांत वेगळेच मन दिसते. एका वचनात त्यांनी निंदा करणाऱ्यांना, इतकेच नव्हे तर प्रहार करणाऱ्यांनाही, आपले सोयरे नि पालनकर्ते मानले आहे. भय वाटते ते स्तुतीचे. गोठ्यातील गाई चोरीस गेल्या तेव्हा आरडाओरडा करू नका, असे त्यांनी घरच्यांना विनविले आणि मागे राहिलेली वासरेही आयांकडे पाठविली, अशी कथा आहे. हा भाबडेपणा म्हणावा, तर तो राजभांडार चोख सांभाळणाऱ्या माणसाचा आहे, हे विसरता येत नाही.

मानाच्या बाबतीतही त्यांचे हेच. हरळय्याच्या एका नमस्काराला त्यांनी दोनदा नमस्कार केला. त्या जादा नमस्काराचे ऋण फेडावे कसे, म्हणून हरळय्या व त्याची पत्नी कल्याणम्मा यांनी आपल्या मांड्यांच्या कातड्याची पादत्राणे करून आणली, असे परंपरा सांगते. बसवेश्वरांनी ती पायांत घातली नाहीत, मस्तकी धरली.

परंतु ही क्षमा स्वतःपुरती होती. हरळय्याचा मुलगा आणि ब्राह्मण मंत्री मधुवरस यांची मुलगी यांचा विवाह शरणांनी मान्य केला, तेव्हा बिज्जलाने दोन्ही पित्यांना देहान्त शासन दिले. स्वतःवरील आळ ज्यांनी हसत सोसला, त्यांना हा अन्याय सोसवला नाही. अधिकारपद सोडून ते कल्याणमधून बाहेर पडले. त्याच धामधुमीत बिज्जलाचा वध झाला, शरणांची पांगापांग झाली, आणि ११६७च्या सुमारास कूडलसंगम येथेच बसवेश्वरांची जीवनयात्रा संपली.

बसवकल्याणात हरळय्याच्या नावाची गुहा आजही दाखवितात.