फाळक्यांची तीन तासांची झोप

दिवसा नोकरी आणि रात्री स्वतःचं काहीतरी उभं करायची धडपड. दुबई-शारजात अशी मंडळी ओळखीत एक तरी असतेच. त्यांनी दादासाहेब फाळक्यांचं १९११ साल जरूर आठवावं.

त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब तेव्हा चाळिशीचे. गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि झपाटलेच! मुंबईत लागेल तो चित्रपट बघायचा, घरी येऊन प्रयोग करत बसायचं. झोप जेमतेम तीन तास. डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितलं, ते ऐकतायत कसले! शेवटी दृष्टीच गेली. सिनेमा काढायला निघालेल्या माणसाला दिसेनासं व्हावं! डॉ. प्रभाकरांच्या उपचारांनी, तीन-चार चष्म्यांच्या मदतीने, नजर परत आली म्हणून पुढचं सगळं घडलं.

विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. परतल्यावर कॅमेरा आला आणि कुंडीत वाटाणा पेरून महिनाभर त्याची वाढ टिपली. वाटाणा काही जागरणं करून लवकर वाढत नाही! ती मिनिटभराची फिल्म पाहून कर्ज मिळालं.

आणि सरस्वतीबाई? दिवसभर युनिटचा स्वयंपाक, घरात मुलं, आणि रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोकं पाडायची. दादासाहेबांच्या जागरणांचं आपण कौतुक करतो, त्यात या बाईंच्या रात्रीही धरायला हव्यात. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, तो या दोघांच्या जागरणांवर.