आर्थर होम्स आणि आपला काळा दगड



या स्मरणिकेत शाळेच्या आठवणी पुष्कळ येतील, तेव्हा तू तुझ्या विषयातले काही लिही, असे संपादक मंडळाने मला सुचवले. माझी सारी नोकरी विहिरी आणि बोअरवेलसाठी खडक तपासण्यात गेली. म्हणून एका खडकवाल्याचेच चरित्र सांगतो. भूगर्भशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला आर्थर होम्स हे नाव ठाऊक असते. आपल्या वर्गातल्या डॉक्टर, वकील, बँकवाल्या मंडळींनाही ते ठाऊक असावे असे मला वाटते, कारण त्या कथेची सुरुवात एका शाळेत होते.

होम्स यांचा जन्म १४ जानेवारी १८९० चा, इंग्लंडच्या ईशान्येला टाईन नदीच्या परिसरातला. वडील लाकडी सामान बनवणारे कारागीर, घरची परिस्थिती बेताची. गेट्सहेडच्या शाळेत त्यांना भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांनी दोन लेखकांची ओळख करून दिली. एक लॉर्ड केल्व्हिन. पृथ्वी निवत आली आहे, तेव्हा तिचे वय दोन ते चार कोटी वर्षांपलीकडे नसावे, असे केल्व्हिन यांचे गणित होते. दुसरे एडुआर्ड झ्यूस. दक्षिणेकडचे भूप्रदेश एकेकाळी जोडलेले होते असे मांडून झ्यूस यांनी त्या भूमीला गोंडवनावरून नाव दिले होते, आणि हिमालय व आल्प्सच्या जागी पूर्वी असलेल्या समुद्राला टेथिस म्हटले होते. पृथ्वीचे वय किती, आणि समुद्र येतात कुठून व जातात कुठे, हे दोन प्रश्न त्या मुलाला शाळेतच मिळाले. पुढची साठ वर्षे त्याने दुसरे फारसे काही केले नाही.

लंडनला भौतिकशास्त्रासाठी गेलेले होम्स सल्लागारांचे न ऐकता भूगर्भशास्त्राकडे वळले. १९११ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी नॉर्वेच्या एका खडकातील युरेनियम आणि शिसे मोजून त्याचे वय ३७ कोटी वर्षे काढले. केल्व्हिन यांचे गणित तिथेच मोडले. त्याच वर्षी पैशांसाठी ते मोझांबिकला खनिजे शोधायला गेले. खनिज काही मिळाले नाही, मलेरिया मात्र असा जडला की ते वारल्याची बातमी घरी कळवली गेली. ते वाचले, आणि १९१३ मध्ये पृथ्वीच्या वयावर पुस्तक लिहून त्यांनी सर्वांत जुन्या खडकांचा आकडा १६० कोटी वर्षांपर्यंत नेला.

नाव झाले तरी संसार चालेना. १९२० मध्ये ते ब्रह्मदेशात एका तेल कंपनीचे मुख्य भूवैज्ञानिक म्हणून गेले. कंपनी बुडाली, हाती काही आले नाही. त्याहून वाईट म्हणजे तीन वर्षांचा मुलगा तिथेच आमांशाने गेला. परत आल्यावर या शास्त्रज्ञाने काही काळ न्यूकॅसलला दुकान चालवून पोट भरले. १९२४ मध्ये डरहॅम विद्यापीठाने भूगर्भशास्त्राचा विभाग सुरू केला आणि तो त्यांच्या हाती दिला. विभागात शिक्षक ते एकटेच.

याच काळात वेगेनर यांच्या खंडवहनाच्या कल्पनेवर वाद पेटला होता. खंड पूर्वी एकत्र होते हे मानायला अनेक पुरावे होते. पण एवढे प्रचंड भूभाग हलवते कोण, याला वेगेनर यांच्याकडे पटणारे उत्तर नव्हते. समुद्रतळाचा कठीण खडक फोडीत खंड पुढे जाणे शक्य नाही, हा भौतिकशास्त्रज्ञांचा आक्षेप योग्यच होता. होम्स यांच्यापाशी मात्र एक गोष्ट होती, जी ते पोरवयापासून मोजत आले होते: खडकातल्या किरणोत्सारी द्रव्यांची उष्णता.

१९२८ च्या सुमारास त्यांनी ग्लासगो आणि एडिंबरा इथे आपली मांडणी केली. १९३१ मध्ये ती सविस्तर छापून आली. कवचाखालचे प्रावरण घन असले तरी लाखो वर्षांच्या हिशेबात ते अतिशय मंद गतीने वाहते. चुलीवरच्या पातेल्यात आमटी मध्यभागी वर येते, कडेला पसरते आणि पुन्हा खाली जाते, तसे प्रवाह पृथ्वीच्या पोटात असतात. असा प्रवाह खंडाखाली वर आला की तो दोन्ही बाजूंना पसरतो आणि वरचे कवच ताणले जाते. कवच पातळ होते, खचदऱ्या पडतात, भेगांतून बेसाल्टचा लाव्हा वर येतो. ताण चालूच राहिला तर दोन तुकडे दूर सरकतात आणि मधल्या फटीत त्याच बेसाल्टचा नवा समुद्रतळ तयार होतो. जिथे प्रवाह खाली वळतात तिथे जुना तळ जड होऊन बुडतो. म्हणजे खंड समुद्रतळाला फोडत जात नाही. तो वाहून नेला जातो, आणि समुद्र त्याच्या मागे जन्माला येतो.

हे काही हवेतले बोलणे नव्हते. १९१८ मध्येच त्यांनी उत्तर ध्रुवाभोवतालच्या बेसाल्ट खडकांवर लिहिले होते. ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावर आणि समोर आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये एकाच काळातले बेसाल्ट आहेत, कारण मधला अटलांटिक उघडताना दोन्ही काठांवर लाव्हा सांडला. पुढे १९३७ मध्ये त्यांनी नैर्ऋत्य युगांडातील बुफुंबिरा भागाच्या लाव्हांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे आफ्रिका आजही फाटत आहे. समुद्र अजून आलेला नाही, लाव्हा आलेला आहे.

त्यांच्या चित्रातले सगळेच बरोबर ठरले नाही. उघडणाऱ्या महासागराच्या मध्यभागी त्यांनी खंडाचा एक तुकडा मागे राहिलेला दाखवला होता. तसे घडत नाही. आपली कल्पना अजून सिद्ध झालेली नाही हे मात्र त्यांनी कधी लपवले नाही. महायुद्धात, १९४४ मध्ये, त्यांचे भौतिक भूगर्भशास्त्राचे पाठ्यपुस्तक आले. त्यात खंडवहनाचा विषय त्यांनी शेवटच्या प्रकरणात ठेवला. विद्यार्थ्याने आधी पक्के शिकावे, मग अनिश्चिताकडे जावे, अशी ती रचना मला वाटते. बहुतेक भूवैज्ञानिक खंडवहनाला हसत असताना हजारो विद्यार्थी ते प्रकरण वाचत होते.

१९६० नंतर चित्र पालटले. हेस यांनी समुद्रतळ पसरतो असे मांडले, आणि १९६३ मध्ये वाइन व मॅथ्यूज यांनी तळाच्या चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावला. १९६५ मध्ये होम्स यांच्या पाठ्यपुस्तकाची वाढवलेली आवृत्ती निघाली, आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला ते वारले. आपले म्हणणे खरे ठरू लागल्याचे त्यांना पाहायला मिळाले, एवढे समाधान.

आता आपल्या दगडाविषयी. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले. आजही ते सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर आहेत. त्यानंतर थोड्याच काळात भारत आणि सेशेल्स एकमेकांपासून तुटले आणि मध्ये अरबी समुद्र रुंदावत गेला. सेशेल्सच्या बेटांवरही जवळपास त्याच काळातले अग्निजन्य खडक सापडतात. मी बोअरच्या चुऱ्यात आयुष्यभर जो दगड पाहिला, तो एका समुद्राच्या उघडण्याच्या वेळचा आहे, हे मला होम्स यांच्या पुस्तकामुळे कळले. ते पुस्तक मला एका शिक्षकांनीच स्वतःच्या कपाटातून काढून दिले होते.

गुरुजनहो, गेट्सहेडच्या त्या शिक्षकांना आपण काय पेरले हे बहुधा पुरते कळले नसेल. तुमच्यापैकी अनेकांचेही तसेच असेल. म्हणून या मेळाव्यात ज्याला जे पुस्तक, जो प्रश्न शाळेत मिळाला, त्याने ते आपल्या सरांना, बाईंना जवळ बसून सांगावे.

आणि मुंबईहून घाट चढून येणाऱ्या मित्रांनो, गाडीतून खडकाकडे जरूर पाहा. घाटात लाव्हाचे थर जवळजवळ आडवे, पायऱ्यांसारखे दिसतील. पनवेल-मुंबईच्या बाजूला तेच थर पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने कललेले आहेत. किनारा तुटताना जमीन त्या बाजूला वाकली, तिचा तो उतार आहे.