एका शपथेसाठी सहा वर्षे

डिसेंबर १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आलेले एक इंग्रज पाहुणे नुकतेच मोठ्या दुखण्यातून उठले होते. नाव चार्ल्स ब्रॅडलॉ. देव मानीत नाही हे भर सभेत सांगणे, हा त्यांचा लौकिक.

जन्म १८३३ चा, लंडनच्या एका गरीब कारकुनाच्या घरचा. पोरवयात चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवताना बायबलमधल्या विसंगतींविषयी पाद्रीबुवांना शंका विचारल्या. त्यापायी पुढे घर सुटले. मग मैदानात भाषणे, पलटणीत शिपाईगिरी, वकिलाकडे कारकुनी आणि फावल्या वेळी पुन्हा व्याख्याने. १८६६ मध्ये त्यांनी नॅशनल सेक्युलर सोसायटी काढली.

१८८० मध्ये नॉर्दॅम्प्टनकरांनी त्यांना पार्लमेंटात धाडले. देवाच्या शपथेऐवजी साधी प्रतिज्ञा करू द्या, एवढेच त्यांचे मागणे. ते नाकारले गेले. बरे, शपथ घेतो म्हणाले, तर नास्तिकाची कसली शपथ म्हणून तीही नाकारली! (इथे ते डळमळले असे टीकाकार म्हणत; मला तो निव्वळ व्यवहार वाटतो.) मनोऱ्यातली कोठडी झाली, पोलिसांनी धरून बाहेर काढले, मतदार मात्र पुन्हा पुन्हा त्यांनाच निवडून देत राहिले. अखेर १८८६ मध्ये सभापती पील यांनी शपथ घेऊ दिली. १८८८ मध्ये प्रतिज्ञेची मुभा सर्वांनाच देणारा कायदा ब्रॅडलॉंनीच करवून घेतला.

जानेवारी १८९१ मध्ये ते मरणशय्येवर असताना सभागृहाने १८८० चा तो ठराव दप्तरातून काढून टाकला. ती बातमी त्यांना कळलीच नाही. ३० तारखेला ते गेले. अंत्यविधीला लंडनमधले पुष्कळ हिंदी लोक हजर होते. त्यांत बॅरिस्टरीचा एक तरुण विद्यार्थी होता, मोहनदास गांधी.