वालचंदशेठ आणि दोन फियाट

मी मेकॅनिकलचा. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. गेल्या वर्षी एका इव्हेंटसाठी आम्ही सांगलीच्या वालचंद कॉलेजात गेलो होतो. कराडला परतताना एस.टी.त रूममेटने विचारलं, की हे वालचंद म्हणजे कोण? आमच्या आजोबांची पद्मिनी ज्यांच्या कारखान्यातली ते, एवढंच मला सांगता आलं. लाज वाटली, म्हणून वाचायला घेतलं.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. घरच्या धंद्यात त्यांचं मन रमेना. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटकांशी भागीदारी करून त्यांनी रेल्वेच्या कामाचे ठेके घेतले. पुढे १९१९ मध्ये 'लॉयल्टी' जहाज, १९४० मध्ये बंगलोरचा विमान कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमची गोदी. हे सगळं जी.के.च्या पुस्तकात असतं, म्हणून पळत पुढे जातो. मला मोटारीचं सांगायचंय.

मोटार इथेच बनवायची हे त्यांच्या डोक्यात १९३० च्या दशकापासून होतं. विश्वेश्वरय्यांबरोबर त्यांनी खटपट केली, पण इंग्रज सरकारने दाद दिली नाही. शेवटी अमेरिकेच्या क्रायसलरशी करार झाला आणि १९४७ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लायमाउथ, डिसोटो. सगळ्या लांबलचक! ज्या देशात सायकल घेताना चारदा विचार व्हायचा, तिथे या किती जणांना परवडणार?

म्हणून इटलीची फियाट आली. १९५१ मध्ये कुर्ल्यात फियाट ५०० ची जोडणी सुरू झाली. हे मॉडेल मूळचं १९३६ चं, लाडाचं नाव टोपोलिनो, म्हणजे छोटा उंदीर. इंजिन फक्त ५६९ सीसी. दांते जाकोसा या तरुण इंजिनियरने रेडिएटर इंजिनच्या मागे सरकवला आणि गाडीचं नाक उतरतं केलं. डिझाईन झकास, पण मुळात सीटा दोनच. आपल्याकडे लग्नाला निघायचं तर बाकीच्यांनी काय टपावर बसायचं?

तिच्यानंतरची फियाट ११०० इटलीत १९५३ ला आली. बोअर ५२ मिमीवरून ६८, स्ट्रोक ६७ वरून ७५. गुणाकार करून बघा, १०८९ सीसी येतात. टोपोलिनोला वेगळी चासिस होती, इथे बॉडीच भार घेते. दोघींचं इंजिन पुढे, चार सिलिंडरचं, आणि ताकद मागच्या चाकांना. पण हिला चार दारं, आणि दाटीवाटीने आख्खं घर मावतं. माझ्या मते आपल्याला हवी होती ती हीच गाडी.

ती कुर्ल्यात बनायला लागली १९५४ मध्ये. वालचंदशेठना १९४९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला होता, पुढच्याच वर्षी ते कामातून निवृत्त झाले आणि ८ एप्रिल १९५३ ला सिद्धपूरला गेले. म्हणजे गाडी त्यांनी पाहिलीच नाही. त्याच १९५३ साली सरकारने ठरवलं, की नुसती खोकी उघडून गाड्या जोडणाऱ्यांना इथे जागा नाही, सुटे भाग इथेच बनवायला हवेत. फोर्ड आणि जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला, प्रीमियर टिकली. ज्यासाठी शेठ इतकी वर्षं भांडले ते असं झालं, नेमकं ते नसताना. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.

त्याच ११०० ची पुढे पद्मिनी झाली आणि सन २००० च्या आसपासपर्यंत जवळपास तशीच बनत राहिली. स्पर्धा नसली की गाडी कशी गोठते, याचं उदाहरण म्हणून वर्गात तिची टिंगल होते. ते बरोबरच आहे, माझी तक्रार नाही. पण ती परक्या देशाची गाडी इथल्या फौंड्रीत, इथल्या लेथवर बनायला लागली, हेही कुणीतरी सांगावं ना! मुंबईच्या टॅक्सीतून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली.

आजोबांची अजून ताडपत्रीखाली आहे. कॉलम गिअर टाकायला मी अजून शिकलेलो नाही. परीक्षा संपली की रूममेटला घरी घेऊन जाणार आहे, कार्ब्युरेटर उघडायला.